दीपमाळेचा चुना

“म्हणजे चूक माझीच, असंच ना महाराज?”

केवलपुरी महाराज मठाच्या पायरीवर बसून सुंभ वळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

हेरंब केळुसकरने हा प्रश्न दुपारपासून कितव्यांदा तरी विचारला होता. विचारायचा, समुद्राकडे बघायचा, पुन्हा विचारायचा. आभाळ काळं होऊन खाली उतरलं होतं, वारा सुटला होता, आणि सकाळी गेलेल्या होड्यांपैकी एक अजून परतली नव्हती.

हेरंब कॉलेजात इतिहास शिकवायचा. महाराजांचा शिष्य झाल्यापासून पँट सोडून इस्त्रीचं पांढरंशुभ्र धोतर नेसायला लागला होता. वैराग्याला इस्त्री लागते, हे गावाला त्याच्यामुळे कळलं.

गाव जुनं बंदर. वेशीचा दरवाजा, जकातीची कचेरी, सगळ्यांवर संरक्षित वास्तूची पाटी लागली ती याच्याच खटपटीने. शेवटची पाटी लागली मठापुढच्या दीपमाळेला.

या दीपमाळेला गाबितवाडीची मासेमार माणसं दर वर्षी नारळी पुनवेच्या आधी चुना लावायची. मागे काळा डोंगर, पुढे पांढरी दीपमाळ. खाडीच्या तोंडाशी खडक आहेत. दीपमाळ नाकासमोर धरायची आणि होडी आत घालायची, एवढंच बापजाद्यांनी शिकवलेलं. मोठ्या ट्रॉलरांना यंत्रं असतात, लहान होड्यांना, गावच्या असोत की परगावच्या, दीपमाळ.

हेरंबने तो चुना खरवडून काढवला. आतून काळा दगड निघाला आणि दगडावर हंसांची रांग. वर्तमानपत्रात फोटो आला. यंदा वाडीची माणसं चुन्याच्या बादल्या घेऊन आली, तेव्हा त्याने पाटीकडे बोट दाखवलं. सरकारी पाटीशी कोण भांडणार? माणसं आली तशी परत गेली.

“तुम्ही तेव्हा मला अडवलं का नाहीत?” हेरंब म्हणाला.

“तू विचारलंस कुठे?”

 गप्प बसणं हेरंबच्या स्वभावात नव्हतं, आणि भीती वाटत असताना तर मुळीच नाही.

“महाराज, अशी नक्षी या किनाऱ्यावर दुसरीकडे नाही. इतक्या वर्षांनी हंसाची चोच न् चोच शाबूत आहे.”

“शाबूत कशी राहिली?”

हेरंबने दीपमाळेकडे पाहिलं. ती चुन्याखाली राहिली होती.

…

एवढ्यात वाळूतून एक बाई धावत वर आली. शेवंता कुबल. न परतलेल्या होडीत तिचा नवरा होता. हेरंबकडे तिने पाहिलंही नाही, सरळ महाराजांपुढे येऊन बसली.

“महाराज, हेंची होडी दिसता. खडकांच्या भायरच फिरता हा, आत येना नाय. दीपमाळ गावना नाय तेंका. खाली वाळूतसून माकाच ती डोंगरात दिसना नाय, तेंका थयसून कशी दिसतली?”

 मघापर्यंत ही नुसती काळजी होती. आता काळजी पदर तोंडाला लावून समोर बसली होती.

“चुना आणवतो,” तो उठला. आणि तसाच उभा राहिला. “पण ओल्या दगडावर चुना धरणार कसा? दिवे लावावेत तर या वाऱ्यात टिकणार नाहीत. आणि उद्या सरकारी वास्तू-समितीची माणसं पाहणीला येतायत. दीपमाळेला कुणी हात लावला म्हणून विचारतील, तर…”

 इकडे आड, तिकडे विहीर.

“महाराज, काहीतरी सांगा. वास्तू मोठी की माणूस, एवढं तरी सांगा.”

महाराजांनी सुंभ बाजूला ठेवला. उठून त्याच्यासमोर आले आणि हात पुढे केला.

“धोतर सोड.”

“काय?”

“धोतर.”

शेवंताने तोंड फिरवलं. हेरंबने धोतर सोडलं. आत चड्डी होती, ही देवाची कृपा.

महाराजांनी ते घेऊन उलगडलं, पुन्हा त्याच्याच हातात दिलं आणि दीपमाळेच्या टोकाकडे पाहिलं.

“महाराज, वर चढायला मनाई आहे. पाटीवर तसं मीच लिहून घेतलंय.”

महाराज पायरीकडे वळले.

…

“सर, चढा,” शेवंता पाठमोरीच म्हणाली. “पाया पडतंय तुमच्या.”

तो चढला. दिवे ठेवायच्या दगडी हातांवर पाय देत, धोतर गळ्यात गुंडाळून. अर्ध्यावर पाय घसरला, आणि सावरताना एका हंसाची चोच टाचेखाली मोडली.  तुकडा खाली पडल्याचा आवाजही वाऱ्यात आला नाही.

वर गेल्यावर त्याने धोतर दगडाला बांधलं. वाऱ्याने सोडलं. पुन्हा बांधलं, पुन्हा सुटलं. शेवटी त्याने पाठ दगडाला लावली, दोन्ही हातांनी धोतर अंगावर पसरून धरलं, आणि तसाच उभा राहिला. पावसाची सर तोंडावर आली.  लांब पाण्यावर एक काळा ठिपका लाटेआड जात होता आणि पुन्हा दिसत होता.

त्या होडीतल्या माणसाचं नावही त्याला ठाऊक नव्हतं, आणि त्याच्यासाठी त्याचा जीव तीळ तीळ तुटत होता.

ठिपका लाटेआड गेला.

…

बराच वेळ वर आला नाही.

…

मग आला, आणि या खेपेला त्याचं तोंड वळलेलं होतं. थेट दीपमाळेकडे. डावीकडे खडकावर फेस उडाला, उजवीकडे उडाला, आणि मधून होडी खाडीत शिरली. शेवंता किनाऱ्याकडे धावत सुटली.

“आत आली, महाराज,” हेरंब वरून म्हणाला. तो रडत होता आणि लपवत नव्हता.

महाराज पायरीवर जाऊन बसले होते. सुंभ त्यांनी पुन्हा हातात घेतला होता.

“आता गावची एकही होडी बाहेर नाही,” हेरंब म्हणाला. त्याचे हात भरून आले होते. “उतरू ना?”

महाराजांनी समुद्राकडे पाहिलं. आभाळ तसंच काळं होतं.

“उतर की,” ते म्हणाले. “दर्या रिकामा झाला असेल, तर उतर.”