चिमूटभर तंबाखू

पेशवाईत कसब्याच्या पिंपळाला मोठा पार होता. वाटसरू तिथं टेकला की कुणी तंबाखू पुढे करी, कुणी चुना. नाव-गाव मागाहून विचारीत. ती तंबाखू येसू तांबोळणीच्या पाटीतली. नवरा गेल्यापासून तिचं पोट त्या पाटीवरच होतं.

नवे सुभेदार भिकाजीपंत आले आणि पार ओस पडला. त्यांनी दवंडीच पिटवली, "तंबाखू म्हणजे घाण! दिवस मावळल्यावर माझ्या हद्दीत चिमूटभरसुद्धा राहता कामा नये."

येसूनं रडगाणं गायलं नाही. पाटी भरून डोक्यावर घेतली आणि ती थेट कचेरीत जाऊन उभी राहिली.

"अजून गेली नाहीस?" पंत गरजले, आणि सवयीनं चांदीची डबी उघडून त्यांनी तपकिरीची चिमूट नाकाशी नेली.

येसूनं पाटी खाली ठेवून पदर पसरला.

"निघालेच, सरकार. सगळी गोळा केली, तुमच्या बोटांतली तेवढी राहिलीय. तीही तंबाखूच, मीच कुटून वस्त्रगाळ केलेली. घाला पदरात. दिवस मावळला, तर तुमचा हुकूम तुमच्याच कचेरीत मोडायचा!"

कारकुनांनी हसू दाबत माना खाली घातल्या. पंतांची चिमूट पदरात पडेना, नाकातही जाईना. शेवटी नाकच जिंकलं.

"जा, बस जा पारावर," शिंका आवरत पंत म्हणाले.

त्या संध्याकाळी पार पुन्हा गजबजला. आता तो पिंपळ नाही, आणि नाव विचारण्याआधी चुन्याची डबी पुढे करणारी ती माणसंही नाहीत.