पिवळा दिसला की काढायचा

हबवरच्या हिरव्या दिव्यांत एक पिवळा लुकलुकला आणि सुगंधाने फोन हातात घेतला.

एका गावच्या कॉलेजात ही भोळी सुगंधा नोकरीला होती. जेवणाच्या डब्याच्या पुडांसारखे एकावर एक रचलेले तीन हब, म्हणजे संगणक जोडणाऱ्या पेट्या, होत्या. त्यांच्या वायरी मुलांच्या संगणकांना जात. त्या सांभाळायच्या, एवढंच तिचं काम. आज ऑनलाइन परीक्षा होती. अष्टपुत्रे मॅडमनी बजावलं होतं, "परीक्षा अडली, तर उद्यापासून घरी बसायचं."

तिने हब बसवणाऱ्या दातारांना फोन लावला. त्यांना तिने कधी पाहिलं नव्हतं, फक्त फोनवरचा आवाज ओळखायची.

"सर, एक पिवळा झाला!"

"घाबरू नका. पिवळा दिसला की तिथून काढायचा, शेजारी लावायचा."

तिने वायर शेजारच्या भोकात लावली. दिवा हिरवा!

मुलं येऊन बसली. त्यांत मुक्ता. संध्याकाळी तिचं लग्न, सकाळची हळद तशीच तोंडावर.

"अगंबाई, पिवळी!" सुगंधाने तिला उठवून शेजारी लावलं. शेजारी बंडू बसलेला.

"ताई, तिचं लग्न दुसऱ्याशी आहे!" बंडू ओरडला.

जो तो खिदळू लागला. सुगंधाने घाईघाईने फोन लावला.

"सर, एकीमुळे सगळेच गोंधळ घालतायत!"

"मग एकेक काढून बघा. जो काढल्यावर बाकीचे शांत होतील, तोच खराब. तो बंद करा, वर 'खराब' अशी चिठ्ठी लावा. मी सांगेपर्यंत उघडू नका. नवा हब घेऊन स्टँडवर उतरलोय, आलोच."

मुक्ताला बाहेर काढलं. गोंधळ तसाच. बंडूला काढलं. गोंधळ वाढला. इतक्यात एक घामाघूम गृहस्थ खोकं घेऊन आत घुसले आणि सगळ्यांवर ताण करून ओरडले, "अहो, मुलं काय काढताय? वायरी काढा, वायरी!"

सुगंधा दचकली. तिने त्यांना खोक्यासकट अडगळीच्या खोलीत ढकललं आणि कडी घातली.

मुलं आ वासून गप्प!

"सापडला!" तिने दारावर चिठ्ठी डकवली.

"उघडा!" आतून दणके.

"सरांनी सांगितल्याशिवाय नाही."

"अहो, मीच सर!"

"खराब झाल्यावर असंच वाटतं."

तेवढ्यात तिन्ही हबांवरचे सगळे दिवे पिवळे झाले. दारात अष्टपुत्रे मॅडम. "सुगंधा, परीक्षा?"

तिने दातारांना फोन लावला. अडगळीत रिंग वाजली. तिने आपला फोन आणखी घट्ट कानाला लावला.

"उचला ना सर, उचला!"

शेवटी फोन उचलला गेला. आवाज फोनमधूनही आला, दारामागूनही.

"बोला सुगंधाताई. खराब बोलतोय."