बार्शीचा वाचक

एकदा एक तरुण एका वृद्ध संपादकांकडे शिकायला येऊ लागला. साप्ताहिक बंद पडल्यावर संपादक उतारवयात संगणक शिकले होते, आणि ब्लॉग लिहिणाऱ्या मुलांना ते आपला वाचक ओळखायला शिकवीत. कोण कोणत्या गावाहून आले, कोणते पान उघडले, तिथे किती वेळ थांबले, हे हल्ली ब्लॉगच्या मालकाला घरबसल्या दिसते. वाचकाचे नाव तेवढे दिसत नाही.

तरुणाचे नाव शिवानंद. पुण्यात नोकरी करून तो पक्ष्यांवर ब्लॉग लिही. एके दिवशी तो आला तोच फुलून.

"सर, मला खरा वाचक सापडला. बार्शीचा आहे. रोज दुपारी येतो, 'माझ्याविषयी' हे पान उघडतो आणि तासभर तिथून हलत नाही."

"त्या पानावर आहे काय?"

"माझी चार ओळींची ओळख. आणि मोठा फोटो."

"चार ओळी वाचायला तासभर?"

"पुन्हा पुन्हा वाचत असेल. म्हणून म्हटलं, ओळख आणखी वाढवून लिहावी. लोकांना लेखकाविषयी कुतूहल असतं, सर."

हसू नका. स्वतःच्या कौतुकाचा विषय निघाला की भल्याभल्यांचे डोके चालेनासे होते. संपादक मात्र हसले नाहीत. त्यांनी विचारले, "बार्शीत तुझं कोण आहे?"

शिवानंदचा चेहरा उतरला. "वडील आहेत. कापडाचं दुकान आहे आमचं. मी दुकानात बसायला नकार दिला, तेव्हा म्हणाले, पुन्हा मला तोंड दाखवू नकोस. मग मीही हट्टाने गेलो नाही. आई असती तर तिने मिटवलं असतं. पण ते कशाला माझं वाचतील? पोरगं पाखरांच्या नादाने वाया गेलं, असं सगळ्या पेठेत सांगत असतात."

संपादक म्हणाले, "ओळख आहे तशी राहू दे. फोटो तेवढा काढून टाक."

शिवानंदला हे विचित्र वाटले, पण गुरूंचा शब्द म्हणून त्याने फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो घाईघाईने आला. "सर, तुमची मात्रा लागू पडली. बार्शीच्या वाचकाने आज सगळा ब्लॉग पालथा घातला. सुगरण, तांबट, धनेश, एकही पान सोडलं नाही. आकडा इतका वर कधीच गेला नव्हता."

"प्रत्येक पानावर किती थांबला?"

शिवानंदने पाहिले. "क्षणभरच. आणि मधूनमधून 'माझ्याविषयी'वर परत आलाय. तिथूनही लगेच निघालाय."

संपादकांनी चष्मा काढून हातात धरला. "बाळ, तो वाचत नाही. तो तुला शोधतो आहे. वाचणारा माणूस मजकुरापाशी थांबतो. हा फोटोपाशी थांबत होता. आज फोटो नाही म्हटल्यावर, निदान दुसऱ्या कुठल्या पानावर तू दिसशील म्हणून त्याने एकेक पान उघडून पाहिलं. मला काल शंका आली होती, पण नुसतं सांगून तू मानलं नसतंस. त्यापायी एका म्हाताऱ्या माणसाची दुपारभर घालमेल झाली, ते पाप माझ्या माथी. आता फोटो परत लावत बसू नकोस. बार्शीची गाडी पकड."

शिवानंद दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात पोचला. गिऱ्हाईक नव्हते. वडील गादीवर बसून मोबाइल अगदी डोळ्यांशी धरून पाने सरकवत होते. पायरीवर पाऊल वाजले तसे मान वर न करताच म्हणाले, "या. काय दाखवू?"

"अण्णा, मी आहे."

त्यांचे बोट थांबले. मग हळूच म्हणाले, "फोटो काढलास. मला वाटलं, मी रोज बघतो ते तुला कळलं, म्हणून काढलास."

शिवानंदला रडू आवरेना. नाही, एवढेच कसेबसे त्याच्या तोंडून निघाले.

"रागाच्या भरात बोललो होतो रे. तू ते इतकं धरून बसशील असं वाटलं नव्हतं." त्यांनी हात पुढे केला, तो शिवानंदच्या खांद्याला न लागता बाजूने गेला. "जरा जवळ ये. आता काही नीट दिसत नाही मला. फोटो निदान मोठा करून बघता यायचा."

शिवानंद गादीवर सरकून त्यांच्या अगदी पुढ्यात बसला. त्यानंतर त्या दुपारी बार्शीहून ब्लॉगवर कोणी आले नाही.

तुमच्याही आकड्यांत असे एखादे गाव असेल, तर तेवढे वेळेवर ओळखा.