आरागिरणीतला पाळक

एकदा एका वृद्ध पाळकांनी आपल्या गळ्यातला स्टोल, म्हणजे पाळकपदाची खूण असलेला लांब पट्टा, उतरवून एका मजुराच्या शवपेटीवर ठेवला, आणि दफनाला जमलेल्या मंडळीत कुजबुज सुरू झाली. तसा मान त्या गावी फक्त पाळकाच्या पेटीला मिळत असे. पेटीत होते प्रभुदास शेंद्रे, ज्यांनी उभ्या आयुष्यात आरागिरणीत लाकूड कापण्यापलीकडे काही केले नाही, असे सर्वांना वाटत होते. त्यांच्या मुलालाही तसेच वाटत होते. म्हणून ही हकीकत सांगावीशी वाटते.

सातपुड्याच्या पायथ्याशी, सागवानाच्या व्यापारावर वाढलेले ते गाव. तिथे लुथरन ख्रिस्ती लोकांची एक लहानशी मंडळी होती. प्रभुदास तिच्यातलेच. सूर्य उगवायच्या आत ते गिरणीत हजर होत. दिवसभर सागाचे ओंडके पात्याकडे ढकलत. घरी येत तेव्हा मिशांवर आणि भुवयांवर भुसा साचलेला असे. उजव्या हाताचे एक बोट त्या पात्याने अर्ध्यातून नेले होते. जखम भरली तशी ते त्याच पात्यापुढे पुन्हा उभे राहिले, कारण घरात पत्नी रिबकाबाई होत्या, मुलगी दिना होती आणि मुलगा सिलास शिकत होता. रविवारी धुतलेला सदरा घालून ते उपासनेला येत, मागच्या बाकावर बसत, आणि कधीकधी उपदेश चालू असतानाच त्यांची मान खाली झुके. आठवडाभराचे श्रम तिथे त्यांना गाठत.

सिलास हुशार निघाला. वृद्ध पाळकांनी त्याला शिष्य म्हणून जवळ केले, बायबलमधली वचने शिकवली आणि पुढे शहरात धर्मशिक्षणासाठी पाठवले. तो निघाला त्या दिवशी प्रभुदासांनी त्याची ट्रंक डोक्यावर घेतली आणि बसथांब्यापर्यंत पायी गेले. वाटेत दोघांत फारसे बोलणे झाले नाही. बस आली तेव्हा ते एवढेच म्हणाले, "जेवत जा वेळेवर."

प्रभुदासांची एकच प्रार्थना होती. संध्याकाळी सगळे पानावर बसले की ते हात जोडत आणि म्हणत, "देवा, हे तू दिलंस. आमचे हात रिकामे होते." मग आमेन म्हणून भाकरी मोडत. सिलासने लहानपणापासून हेच ऐकले होते.

शिक्षणाचे पहिले वर्ष संपवून तो सुट्टीत घरी आला. त्या संध्याकाळी वडिलांनी हात जोडले, आणि तो म्हणाला, "बाबा, रोज तीच ओळ. पाठ केलेलं म्हणणं वेगळं आणि प्रार्थना वेगळी. जरा मनातून बोलत जा ना."

रिबकाबाईंनी चुलीपाशी मान वर करून पाहिले. प्रभुदास थोडेसे हसले. "मला नाही रे बोलता येत. तू शिकतोयस. तूच करत जा."

सिलासला आनंद झाला. वडिलांनी आपल्याला मोठे मानले असे त्याला वाटले. त्याने देवाच्या महिम्यापासून आरंभ केला, जगातल्या दुःखितांची आठवण केली, वचने गुंफली. प्रार्थना सुंदर झाली. भाकरी तोवर निवली होती. प्रभुदास शेवटी आमेन म्हणाले आणि जेवले. त्यानंतर सिलास घरी असला की तो प्रार्थना करी, आणि तो शहरात असला की दिना.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी गिरणीत ओंडका सरकवताना प्रभुदासांच्या छातीत कळ आली. सोबत्यांनी त्यांना चिंचेच्या सावलीत बसवले. गाडी येईपर्यंत ते गेले होते.

सिलास कसाबसा दफनापूर्वी पोहोचला. त्याची इच्छा होती की वडिलांविषयी आपण बोलावे. येताना बसमध्ये त्याने शब्द जुळवलेही होते. पण वृद्ध पाळक म्हणाले, "आज तू मुलगा म्हणून उभा राहा. बाकी मी पाहतो." आणि मग त्यांनी ते केले जे कोणाला समजले नाही. पेटी खाली सोडण्यापूर्वी आपला स्टोल काढला, दोन्ही हातांनी पेटीवर पसरला आणि तो तसाच मातीखाली जाऊ दिला. मंडळीचे एक पंच पुटपुटले, "हे रीतीला धरून नाही."

गावात चर्चा होऊ लागली. कोणी म्हणे पाळकसाहेबांचे वय झाले, कोणी म्हणे शिष्याच्या वडिलांचे कौतुक केले. सिलासला हे बोचू लागले. चौथ्या दिवशी तो पाळकांच्या ओसरीवर जाऊन बसला.

"पाळकसाहेब, आपण असं का केलंत? बाबा कष्टाळू होते, प्रेमळ होते, हे मी कुणालाही सांगेन. पण त्यांना चारचौघांत साधी प्रार्थना करता येत नव्हती. उपदेश चालू असताना ते झोपत. लोक हसतात आता. पाळकाचा मान त्यांना कशासाठी?"

वृद्ध पाळक म्हणाले, "सिलास, मागच्या पावसाळ्यात तुझे वडील इथेच येऊन बसले होते. अंगावर भुसा तसाच होता. म्हणाले, मला एक नवी प्रार्थना शिकवा. मी विचारलं, जुनीला काय झालं? तर म्हणाले, पोरगा म्हणतो ती प्रार्थना नाही."

सिलासच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"मी त्यांना म्हटलं, प्रभुदास, तुमची प्रार्थना चांगली आहे, घरी जा आणि तीच म्हणा. त्यांनी मान हलवली. म्हणाले, नको, तो शिकलाय, त्याच्याच घरात त्याला अवघडल्यासारखं व्हायला नको. मी पुष्कळ समजावलं. ते ऐकून घेत राहिले, हसले, आणि गेले."

पाळकांचा आवाज आता अधिकच हळू झाला.

"बाळ, आपण लुथरन लोक काय शिकवतो? माणूस देवापुढे उभा राहतो तो कृपेने. आपल्या कमाईचं तिथे काही चालत नाही. मी हे चाळीसेक वर्षं व्यासपीठावरून सांगत आलो. पण सांगणाऱ्याचे हात मऊ असले की ते सांगणं सोपं असतं. तुझ्या वडिलांनी बोट गमावलं, पाठ वाकवली, घरातला प्रत्येक घास स्वतः ओढून आणला, आणि त्या घासावर हात जोडून म्हणाले, आमचे हात रिकामे होते. मला सांग, असा उपदेश तू कुठे ऐकलास? आणि आपण असंही शिकवतो की बाप हा घरचा पाळक. तुमचं घर ही त्यांची मंडळी होती. ती त्यांनी सांभाळली. म्हणून स्टोल."

सिलासने दोन्ही हातांत चेहरा लपवला. तो म्हणाला, "मी त्यांना गप्प केलं. मला क्षमा मिळेल का?"

"ती तुला मिळालेली आहे," वृद्ध पाळक म्हणाले. "देवाकडून आहे. त्यांच्याकडून तर तू बोलायच्या आधीच होती. त्यांनी मनात काही धरलं नव्हतं, मी त्यांचा चेहरा पाहिलाय. पण क्षमा मिळाली म्हणजे ज्या संध्याकाळी ते गप्प राहिले त्या परत मिळाल्या असं समजू नकोस. त्या गेल्या. हे दुःख तुला वागवावं लागेल, आणि मी ते हलकं करणार नाही." मग थोडे थांबून ते म्हणाले, "घरी तुझी आई आहे. जा. आज तिच्याजवळ बस आणि काही बोलू नकोस."

सिलास घरी आला. रिबकाबाई परसात सुपात तांदूळ निवडत होत्या. तो त्यांच्या शेजारी जमिनीवर बसला. खूप वेळ गेल्यावर त्याने विचारले, "आई, बाबा ती ओळ कुठे शिकले?"

त्यांचे हात थांबले नाहीत. "शिकले कुठे? आधी ते एवढंच म्हणायचे, देवा, हे तू दिलंस. त्यांच्या वडिलांचं होतं ते. मग तुमच्या आधीची आपली सारा तापात गेली. तुला ठाऊक आहे ना, एक होती म्हणून?"

त्याला ठाऊक होते. त्यापलीकडे काहीच ठाऊक नव्हते.

"तिला पुरून आलो त्या सांजेला शेजारणीनं भाकरी आणून दिली. हे पानावर बसले, हात जोडले, आणि त्यांच्या तोंडून 'तू दिलंस' निघेना. मी म्हटलं, राहू द्या आज. तर नाही म्हणाले. तसेच बसून राहिले. मग डोळे मिटून म्हणाले, देवा, आमचे हात रिकामे आहेत. बस, एवढंच. पुढे दिवस गेले तसं पहिलं वाक्य परत आलं. दुसरं मात्र त्यांनी सोडलं नाही."

"आई, हे तू मला त्या दिवशी का नाही सांगितलंस? मी बोललो त्या दिवशी?"

रिबकाबाईंनी एक खडा वेचून दूर टाकला.

"तू विचारलं नाहीस रे," त्या म्हणाल्या. "तू सांगत होतास."

दिना विहिरीवरून पाणी घेऊन आली आणि आत गेली. रिबकाबाई बोलत राहिल्या, प्रभुदासांच्या तरुणपणाविषयी, लग्नात त्यांना शर्ट उसना आणावा लागला होता त्याविषयी, त्यांना आवडणाऱ्या एका गीताविषयी, जे ते गिरणीच्या आवाजात मोठ्याने म्हणत कारण तिथे कोणाला ऐकू जात नसे. सिलास त्यातले काहीच जाणत नव्हता. दिवस कलेपर्यंत तो ऐकत राहिला.

ज्यांची श्रद्धा त्यांच्या कष्टांत मुरलेली असते त्यांना ती सांगता येत नाही. ती त्यांना विचारावी लागते, आणि ते असेपर्यंतच.