मालकाचे नाव

“... मग मालक म्हणून नाव कोणाचं लिहू, महाराज?”

निरंजनने नगरपरिषदेचा अर्ज पुढे सरकवला. कुत्र्याचा परवाना आजच काढायला हवा होता, नाहीतर उद्या गाडी येऊन टिप्याला उचलून नेणार होती.

टेकडीवरच्या त्या मठात गुरू-शिष्य दोघंच. तिसरा टिप्या.

निरंजन मनातून खुशीत होता. तीन वर्षांत पहिल्यांदाच गुरू पेचात सापडले होते. ‘माझं’ म्हणावं असं काहीही ठेवायचं नाही, ही भास्करपुरी महाराजांची प्रतिज्ञा. नाव लिहावं तर प्रतिज्ञा मोडते. न लिहावं तर कुत्रा जातो.

शिवाय खर्च होताच. निरंजन बी.कॉम. झालेला, त्यामुळे तोही त्याने तोंडपाठ ऐकवला. रेबीजची लस, गोचिडांचं औषध, रोजचं अर्धा लिटर दूध, आणि आता मोडलेल्या पायाच्या प्लास्टरचे अठराशे. संन्याशांना असले लाड परवडत नाहीत, असं त्याचं स्पष्ट मत पडलं.

महाराज टिप्याचं पोट खाजवत राहिले.

“आठवडाभर हा पडून आहे. भिक्षेला तू एकटाच जातोस ना?”

“हो.”

“झोळीत काय येतं?”

“दोन भाकऱ्या...”

“आणि दूध?”

“... नाही.”

दारोदार बायांनी एकच विचारलं होतं, टिप्या कुठाय म्हणून. एका म्हातारीने तर त्याला एकटा पाहून उघडलेलं दार पुन्हा लावून घेतलं होतं. हे त्याने महाराजांना सांगितलं नव्हतं.

“ते अठराशे कुणी दिले रे?”

“गावाने वर्गणी काढली.”

“तुझ्याकडे बघून?”

निरंजन अर्जाचा दुमडलेला कोपरा सरळ करू लागला.

टिप्याने प्लास्टरचा पाय सावकाश उचलून त्याच्या मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले. निरंजनला हलता येईना.

महाराजांनी अर्ज ओढून घेतला. मालकाच्या रकान्यात ठळक, सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘टिप्या’. आणि अर्ज परत दिला.

निरंजनने पुढचा रकाना वाचला. मग हळूच म्हणाला, “महाराज, खाली पाळलेल्या प्राण्याचं नाव विचारलंय...”

“आपलं दोघांचं लिही. अक्षर बारीक काढ, रकाना लहान आहे.”