एकदम घातलेली साखर

एकदा एक तरुण आई, एका कडेवर तान्ही मुलगी आणि दुसऱ्या कडेवर चिनीमातीची बरणी घेऊन एका वृद्धेच्या दारात उभी राहिली. किनाऱ्यालगतच्या त्या ख्रिस्ती गावात सणासमारंभाची वाइन घरोघरी होत असे, आणि ती बिघडली की सारे या वृद्धेचेच दार ठोठावत.

"मावशी, बिघडली ही."

"कोण? पोर तर चांगली गुटगुटीत दिसते."

हसण्याच्या मनःस्थितीत ती नव्हती. बरणी तिच्या दिवंगत आईची होती. घरातल्या प्रत्येक बाप्तिस्म्याला पहिला पेला याच बरणीतला भरला जाई, आणि आता मुलीचा बाप्तिस्मा दोन महिन्यांवर आला होता.

"आठ दिवस फेस येत होता, मग एकदम गप्प झाली. चाखली तर नुसतं द्राक्षांचं सरबत!"

"साखर कधी घातलीस?"

"पहिल्याच दिवशी, सगळी. आई तीन वेळा घालायची, ठाऊक आहे मला. पण वाटलं, पोर उठली तर नंतरची राहून जाईल."

 वृद्धेची स्वतःची वाइन कोपऱ्यात फसफसत होती, त्यातली तिने वाटीभर काढली. तरुणीने ती घाईघाईने बरणीत ओतायला हात पुढे केला, तोच वृद्धेने तिचे मनगट धरले. मग बरणीतली एक चमचा वाइन काढून वाटीत घातली आणि वाटीवर फडके झाकले.

"चल, भाकऱ्या करू."

भाकऱ्या होईतो वाटीत पुन्हा फेस आला. मग दोन चमचे. मग चार.

"मावशी, हे उलटंच चाललंय. औषध रोग्याला द्यायचं, की रोग्यालाच औषधात घालायचं?"

वृद्धा म्हणाली, "बाय, एवढ्या गोडात हा वाटीभर जीव लोटला असतास, तर तोही गुदमरला असता. आधी त्याला एक चमचा पचू दे. चूक घाईने झाली, ती घाईने निस्तरायला गेलं की एकीच्या दोन होतात."

तरुणीचे डोळे भरून आले. "आईच्या हातून असं कधी झालं नसतं."

"तुझी आई याच ओट्याशी बसून रडली होती. तुझ्याच बाप्तिस्म्याच्या वाइनसाठी. तिनेही सगळी साखर एकदम घातली होती."

"आईने? का?"

"तू रडत होतीस म्हणून. तीनदा घालायचं तिने त्यानंतर सुरू केलं."

तरुणीने चमचा उचलला आणि पुढचे आठ स्वतः मोजून वाटीत घातले. तीन दिवस ती रोज आली. वाटीतले पातेल्यात गेले, पातेल्यातले पुन्हा बरणीत. चौथ्या दिवशी तिने बरणीला कान लावला. आत बारीक सळसळ चालली होती. तिने मुलीचाही कान हळूच तिथे टेकवला.

आपल्या आया ज्या गोष्टी बिनचूक करत असल्याचे आपल्याला आठवते, त्या बहुधा त्यांनी दुसऱ्यांदा केलेल्या असतात; पहिल्या वेळी आपण त्यांच्या कडेवर असतो.