प्रदर्शनातली टोपली

"पण लोक थांबत का नाहीत, आबा?"

उन्मेषने संग्रहालयाच्या दारातच हे तिसऱ्यांदा विचारलं. आबांनी अजून चपलाही काढल्या नव्हत्या.

"आत तरी येऊ दे, लेका."

जिल्ह्याच्या या संग्रहालयात नव्या हस्तकलेचं प्रदर्शन भरलं होतं. माती, लाकूड, लोकर, तांबं... आणि कोपऱ्यातल्या चौथऱ्यावर उन्मेषची बांबूची टोपली. ओंजळीत मावेल एवढी. सात महिन्यांचं काम. खाली पाटी : 'शून्याचा परीघ'.

बुरूडकामासाठी त्याने बरी चाललेली नोकरी सोडली होती. सहा वर्षं या रामजीआबा बुरुडांच्या ओसरीवर बसून बोटं कापून घेतली होती.

चार दिवस तो टोपलीपाशीच उभा होता. दिवा हलवायचा. पाटी सरळ करायचा. कुणी फिरकलं की बांबू कुठला, तो किती बारीक चिरला, सगळं सांगायला लागायचा. लोक मान डोलवायचे, आणि सटकायचे.

समोरच्या मातीच्या घड्याभोवती मात्र घोळका.

"त्या घड्यात एवढं आहे तरी काय?"

"तू बगितलास?"

"इथून दिसतो की."

"हं..." म्हणत आबा निघाले.

घड्यासमोर ते उकिडवे बसले. उठले, घोंगडीसमोर बसले. मग तांब्याच्या पात्रांसमोर. उन्मेष टोपलीपाशी येरझारा घालत होता. आपल्याकडे यायला म्हाताऱ्याला एवढा उशीर?

तासाभराने आबा आले.

"उद्या शेवटचा दिवस," उन्मेष घाईघाईने म्हणाला. "असंच गेलं ना, तर कोयता ठेवून देणार मी. कायमचा."

आबा टोपलीकडे वळले.

"हा काठ बघा. इथे वीण उलटी फिरवलीय."

आबांनी मान डावीकडे वाकवली. उन्मेषही डावीकडे सरला.

"आणि बुडाशी गाठच नाही! कुणाच्या लक्षातही येत नाही हे."

आबांनी मान उजवीकडे वाकवली. बोट दाखवत उन्मेष उजवीकडे आला.

आबा खाली बसले. तोही त्यांच्यापुढे चौथऱ्याला खेटून बसला.

"...आबा?"

आबांनी त्याच्या खांद्यावरून मान उंचावली.

"चुकलंय का काही?"

"काय म्हाईत."

"म्हणजे? केव्हाचे बघताय की!"

आबांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्याने सावकाश पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"टोपली बघाया दोन येष्ट्या बदलून आलोय, लेकरा," ते म्हणाले. "तेवढी दाखव की आता."